मोठ्या आवाजातली विराणी

मेहेरबाबांनी ३१ जानेवारी १९६९ रोजी नगरजवळच्या मेहेराजादमध्ये देह ठेवला. त्याच दिवशी तो अरणगावच्या टेकडीवर, मेहेराबादला, नेण्यात आला आणि पुढचे सात दिवस उघड्या समाधीत दर्शनासाठी ठेवला होता. १० जुलै १९२५ पासून शेवटच्या श्वासापर्यंत, म्हणजे ४३ वर्षांहून अधिक काळ, ज्यांनी मौन पाळले, त्यांना निरोप देताना प्रार्थना तर झाल्याच. पण त्यांच्याच सांगण्यावरून एक तबकडीही लावण्यात आली. ती भजनाची नव्हती, कव्वालीचीही नव्हती. ते कोल पोर्टरचे ‘बिगिन द बिगीन’ होते. १९३५ साली ब्रॉडवेच्या एका संगीतिकेसाठी लिहिलेले हे नाचाचे गाणे. नाचाची धून सुरू होते आणि हरवलेल्या प्रेमाची आठवण उसळून येते, एवढाच त्याचा विषय. मोठमोठ्या हॉटेलांच्या नाचघरांत जोड्या ज्या सुरांवर पावले टाकत, तेच सूर नगरच्या कोरड्या माळावर एका सत्पुरुषाच्या देहाशेजारी वाजले.

लौकिक प्रेमाच्या भाषेत देवाशी बोलणे आपल्याला काही नवे नाही. ज्ञानेश्वरांच्या विराण्या आहेत, गवळणी आहेत. मेहेरबाबांचा सर्वांत लाडका कवी हाफिज. त्याच्या गझलांतला पेला आणि साकी कुठे बोट दाखवतात हे जाणकारांना सांगावे लागत नाही. पण तिथे निदान परंपरा तरी पाठीशी उभी असते. विराणीतल्या विरहिणीचा वल्लभ कोण, हे तिला ऐकणाऱ्या वारकऱ्याला आधीच ठाऊक असते. पोर्टरच्या गाण्यामागे अशी कोणतीच परंपरा नव्हती आणि त्याच्या मनात देव असल्याचीही काही खूण नाही. अर्थ आणला तो ऐकणाऱ्याने. आणि ज्याने आणला तो काही भाबडा श्रोता नव्हता. हजरत बाबाजान, शिर्डीचे साईबाबा, साकोरीचे उपासनी महाराज, केडगावचे नारायण महाराज, नागपूरचे ताजुद्दीन बाबा यांच्या सहवासातून घडलेला तो पुरुष होता. त्याने एका नाचगाण्याला आपल्या समाधीपाशी जागा दिली, हे मला फार मोठे वाटते. रॉक संगीताच्या शब्दांत मी आयुष्यभर जे ऐकत आलो, त्याला याच तबकडीने बळ दिले.

आम्ही नगरची मुले. मेहेराबाद आमच्या लेखी दौंड रस्त्यावरचे एक ठिकाण होते. एस.टी.च्या खिडकीतून टेकडी दिसायची. कापड बाजारात खादीचे झब्बे घेणारे गोरे लोक दिसले की कुणीतरी म्हणायचे, “बाबाचे आहेत.” एवढ्यावर विषय संपायचा. पुढे पुण्याला शिकायला गेलो तेव्हा वसतिगृहात एकाकडे ‘द हू’ या ब्रिटिश बँडची कॅसेट होती; कॅसेटवरून कॅसेटवर उतरवून घेतलेली, आवाज थरथरणारा. तिच्यातले पहिलेच गाणे ‘बाबा ओरायली’. सुरुवातीला कितीतरी वेळ एक यंत्र गोल गोल फिरत स्वरांचे थेंब टाकत राहते, मग पियानोचे तीन भरदार ठोके पडतात आणि रॉजर डाल्ट्रीचा आवाज फुटतो. गाण्यात ‘बाबा’ हा शब्द कुठेच येत नाही. नावातला हा बाबा कोण असे विचारले तेव्हा कॅसेटवाला म्हणाला, “तुमच्याच गावचा की.” त्या रात्री मी ते गाणे बराच वेळ ऐकत बसलो.

या गाण्याच्या नावाची दोन्ही टोके आपल्याकडे येऊन पोचतात. बाबा म्हणजे मेहेरबाबा. ओरायली आले ते टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराच्या नावावरून. एकाच छोट्या स्वराकृतीची आवर्तने घेत राहण्याची रायलीची पद्धत पीट टाऊनशेंडने इथे वापरली. आणि हाच रायली १९७० पासून किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य होता. आमच्या वसतिगृहात मात्र हे कुणालाच ठाऊक नव्हते. आम्हाला दिसत होती ती शब्दांमधली माणसे: शेत सोडून निघालेली, दूरच्या मैदानाकडे चाललेली. आणि ऐकू येत होती तिथल्या तरुणांच्या उजाडपणाची आरोळी. पुष्कळांनी ती जल्लोषाची आरोळी मानली. टाऊनशेंडने पुढे सांगितले आहे की त्याच्या डोळ्यांसमोर होता तो वुडस्टॉकचा संगीत महोत्सव: नशेत भान हरपलेली पोरे आणि त्यांची उद्ध्वस्त मने. म्हणजे ज्या गाण्याच्या कपाळावर बाबांचे नाव आहे, त्याच्या पोटात बाबा नाहीत; बाबांची ज्यांना गरज होती ती पोरे आहेत. भक्तिगीत लिहिण्याची याहून प्रामाणिक रीत मला तरी सुचत नाही.

टाऊनशेंड स्वतः त्याच पोरांपैकी एक. १९६४ पासून गाजणाऱ्या या बँडचा तो गिटारवादक आणि प्रमुख गीतकार. रंगमंचावर गिटार आपटून तिचे तुकडे करण्यासाठी प्रसिद्ध. १९६७ साली कॅलिफोर्नियातल्या माँटेरी महोत्सवाहून परतताना विमानात त्याने एक जबर नशेची गोळी घेतली. आपण देहाबाहेर तरंगतो आहोत आणि परत आत येता येत नाही, असे काही भयंकर तास त्याने काढले. त्यानंतर त्याने त्या वाटेकडे पाठ फिरवली. त्याच सुमारास माइक मॅकिनर्नी या चित्रकार मित्रामुळे त्याला मेहेरबाबांविषयी कळले. तेव्हा लंडन आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या निम्म्या तरुणाईचा असा समज होता की एलएसडीच्या गोळीतून देव दिसतो. त्या समजाला मेहेराजादहून स्पष्ट उत्तर गेले होते: गोळीतून दिसतो तो देव नव्हे, आणि त्या नशेने शरीर, मन व आत्मा यांची हानीच होते. ‘गॉड इन अ पिल?’ या नावाची त्यांची पुस्तिका १९६६ साली निघाली. रॉक म्हणजे नशेचे संगीत आणि त्यात कसले अध्यात्म, असे म्हणणारी माणसे मला अनेकदा भेटली. त्यांना मी एवढेच सांगतो की यातली काही उत्तम गाणी नशा सुटल्यावरची आहेत, आणि ती सोडवणारा हात नगर जिल्ह्यातला होता.

टाऊनशेंडला बाबा प्रत्यक्ष कधी भेटले नाहीत. बाबा गेले जानेवारीत आणि ‘टॉमी’ हा अल्बम आला त्याच वर्षीच्या मे महिन्यात, वेष्टनावर ‘अवतार’ म्हणून मेहेरबाबांचे नाव छापून. वेष्टनावरचे चित्र मॅकिनर्नीचेच. ‘टॉमी’ ही एका मुलाची कथा. तो लहानपणी एक खून पाहतो आणि आईवडील त्याला दटावतात: तू पाहिले नाहीस, ऐकले नाहीस, कुणाला सांगणार नाहीस. मुलगा खरोखरच आंधळा, बहिरा, मुका होऊन जातो. फक्त आरशासमोर उभा राहतो. आपण सगळेच असे आहोत, एका मोठ्या सत्यापुढे इंद्रिये मिटून उभे, हा टाऊनशेंडचा विचार. कथा विस्कळीत आहे, काही भाग मला आजही ओढूनताणून आणलेले वाटतात. पण शेवटी एक घोष येतो. त्यात गाणारा कुणाला तरी उद्देशून सांगतो की माझ्याजवळ जे जे आहे ते तुझ्याकडून आले. हा ‘तू’ कोण, ते कथेत कुठेच स्पष्ट नाही. टॉमी त्याच्या अनुयायांशी बोलतोय असे म्हणता येते, ते त्याच्याशी बोलताहेत असेही म्हणता येते. १७ ऑगस्ट १९६९ च्या पहाटे वुडस्टॉकच्या चिखलात ‘द हू’ने हा भाग गायला तेव्हा क्षितिजावर सूर्य वर येत होता. लाखोंच्या त्या जमावात मेहेरबाबांचे नाव ऐकलेली माणसे किती असतील? पण कृतज्ञतेला तेवढा पत्ता लागत नाही. ती आधी फुटते आणि कुणासाठी होती ते मागाहून उमगते. काहींना कधीच उमगत नाही, तरी ती वाया गेली असे मला म्हणवत नाही.

माझी आजी हे सगळे कसलाही सिद्धांत न मांडता करत असे. पहाटे जात्यावर बसून वाढलेली, हरिपाठ तोंडपाठ असलेली बाई. रेडिओवर लागणारे एक सिनेमातले विरहगीत तिला अतिशय आवडायचे आणि तुळशीला पाणी घालताना ती ते गुणगुणायची. माझी आत्या चिडवायची, “आई, ते हिरोचं गाणं आहे गं.” आजी म्हणायची, “असंल. मी पांडुरंगाला म्हणते.” सिनेमाचे गाणे आणि अभंग यांतला फरक तिला चांगला ठाऊक होता. कोणत्या गाण्याला तुळशीपर्यंत येऊ द्यायचे हेही तिला ठाऊक होते, कारण बाकीची शेकडो गाणी तिने तिथे आणली नाहीत.

ही निवड महत्त्वाची आहे. प्रत्येक रॉक गाण्यात वेदान्त शोधणाऱ्यांच्या रांगेत मला बसायचे नाही. पुष्कळ गाणी मोटारीबद्दल असतात, मुलींबद्दल असतात, आणि तशीच राहू द्यावीत. शब्दांत ‘आत्मा’, ‘प्रकाश’, ‘स्वर्ग’ पेरले म्हणून गाणे प्रार्थना होत नाही. तसली अनेक गाणी मला पोकळ वाटतात, कारण ती ऐकणाऱ्याला नुसती शांती वाटत सुटतात आणि मागत काहीच नाहीत. माझी कसोटी सोपी आहे. गाणे ऐकताना माझ्याकडून काही सुटते का? अहंकाराचा एखादा कोपरा, एखादा जुना राग, स्वतःविषयीची एखादी खात्री? जॉर्ज हॅरिसनच्या ‘माय स्वीट लॉर्ड’मध्ये (१९७०) देवाचे नाव उघड आहे, ‘हालेलुया’ आणि ‘हरे कृष्ण’ हातात हात घालून येतात, आणि त्यातली भेटीची आच खरी आहे. पण मला त्याहून खोल नेते ते ‘द हू’चे ‘बार्गेन’, ज्यात देवाचे नावही नाही.

‘बार्गेन’ १९७१ च्या ‘हूज नेक्स्ट’ या अल्बमवरचे. वरवर पाहता एका पुरुषाने प्रेयसीसाठी केलेला आकांत. सगळे गमावीन, जन्मभर राबेन, मार खाईन, आणि एवढे करून तू मिळालीस तर सौदा स्वस्तात पडला, असा त्याचा भाव. टाऊनशेंडने स्वच्छ सांगितले आहे की हे गाणे देवाविषयी आहे, ‘मी’ गमावण्याविषयी. ते कळल्यावर मी पुन्हा ऐकले आणि मला मीरा आठवली, जिने गोविंद मोल देऊन घेतल्याचे गायले. तुकोबा आठवले. सावकारी घरात जन्मलेला, तराजू आणि खतावणी जाणणारा माणूस. त्याने आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली. व्यापाराची भाषा भक्तीत येते तेव्हा ती अशी उलटी होऊन येते: जितके जास्त जाईल तितका नफा मोठा. देहूचा हा हिशेब लंडनच्या पोराला कुणी शिकवला नव्हता. त्याने तो मांडला तो गिटारच्या कर्कश आवाजात आणि कीथ मूनच्या बेभान ड्रम्सवर. मधेच मात्र सगळे थांबते, टाऊनशेंड स्वतः हळू, जवळजवळ कापऱ्या आवाजात काही ओळी गातो, आणि पुन्हा तो लोट सुरू होतो. त्या मधल्या जागी मी नेहमी अडतो.

या कर्कशपणाबद्दल बोलायला हवे. हा एकेकाळी जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड. १९७६ साली लंडनमधल्या चार्ल्टन फुटबॉल मैदानावर त्यांचा आवाज १२६ डेसिबल मोजला गेला आणि गिनीज बुकात नोंदला गेला. टाऊनशेंडचे कान या आवाजापायी कायमचे बिघडले. आणि त्याचा गुरू मौनी. ही विसंगती आहे असे मी पूर्वी मानत असे, आता मानत नाही. आपले नामदेव, आपली जनाबाई देवाशी दबक्या आवाजात बोलत नव्हती. ती भांडली, तिने शिव्या दिल्या, विठ्ठलाला दारात उभे करून जाब विचारला. जो समोर आहे अशी खात्री असते आणि तरी दिसत नाही, त्याला हाक मारताना आवाज चढणारच. गुरूने मौन धरले म्हणून शिष्याने कुजबुजावे, असा नियम कुठे आहे?

‘हूज नेक्स्ट’ची बहुतेक गाणी मुळात ‘लाइफहाउस’ नावाच्या एका मोठ्या प्रकल्पासाठी लिहिली गेली होती. तो प्रकल्प पुरा झाला नाही, पण त्यामागची कल्पना विलक्षण होती: प्रत्येक माणसाचा एक स्वतःचा स्वर असतो, आणि गायक व श्रोते यांचे स्वर मिळत मिळत शेवटी एकच स्वर उरतो, ज्यात सगळे विरून जातात. ही प्रेरणा सूफी हजरत इनायत खान यांच्या नादविषयक लेखनातून आली. इनायत खान १८८२ साली बडोद्यात जन्मले, गायकवाडांच्या राज्यात, संगीततज्ज्ञ मौलाबक्षांचे नातू. १९७१ मध्ये लंडनच्या यंग व्हिक नाट्यगृहात टाऊनशेंडने श्रोत्यांसह हा प्रयोग करून पाहिला, पण कुणाला काहीच नीट कळेना आणि तो स्वतः खचला. एका स्वरात विरून जाणे यंत्रांनी आणि संहितेने घडवून आणता येत नाही, हे आपल्या कीर्तनकारांनी त्याला सांगितले असते. तरीही ‘बाबा ओरायली’च्या शेवटी ते थोडेसे घडते. शब्द संपतात, डेव्ह आर्बसचे व्हायोलिन येते, लय वाढत जाते, आणखी वाढते, गजरात टाळ जलद होत जावेत तशी, आणि गाणे एका झटक्यात थांबते. अर्थ सांगण्याचे काम शब्दांनी जिथे सोडले तिथून पुढचे सूरच सांगतात. बाबांनी शब्द का टाकले असतील, याचा थोडा अंदाज मला त्या जागी येतो.

१९७२ साली टाऊनशेंड मेहेराबादला आला, समाधीवर डोके ठेवून गेला. त्याच वर्षी त्याने बाबांनी १९५३ मध्ये दिलेल्या ‘परवरदिगार’ या प्रार्थनेला चाल लावून ती स्वतः गायली. १९७६ मध्ये त्याने लंडनजवळ ट्विकनहॅमला बाबांच्या नावाने एक केंद्रही उघडले. हे सगळे करत असताना तो भरपूर प्यायला, घसरला, पुन्हा उठला, आणि त्याने ते आत्मचरित्रात लिहूनही ठेवले आहे. त्यामुळे त्याच्या गाण्यांवरचा माझा विश्वास कमी झाला नाही. पतित म्हणून स्वतःची ओळख देणाऱ्यांचेच अभंग आपण चारशे वर्षे गातो आहोत.

आता पावसाविषयी. ‘क्वाड्रोफेनिया’ हा १९७३ चा अल्बम. जिमी नावाच्या अस्वस्थ पोराची कथा. नोकरी गेली, घर गेले, मैत्रीण गेली, दोस्त गेले; तो ब्रायटनच्या समुद्राशी येतो आणि एका खडकावर एकटा उभा राहतो. आधी ‘ड्राउन्ड’ नावाचे गाणे येते, ज्यात पाण्याला सागरात मिसळायचे आहे. थेंब आणि सागर हे मेहेरबाबांच्या शिकवणीतले मूळ रूपक. मग पाऊस. पियानोवर थेंब पडू लागतात आणि डाल्ट्री ‘लव्ह, रेन ओव्हर मी’ गाऊ लागतो. बाबांनी एकदा म्हटले होते की पाऊस हा देवाचा आशीर्वाद आणि मेघांचा गडगडाट हा देवाचा आवाज. टाऊनशेंडने हे गाणे त्यावरून केले.

इंग्लंडात पावसाला कोण आशीर्वाद म्हणेल? तिथे तो रोजची कटकट आहे. हे वाक्य पर्जन्यछायेतल्या माणसाचे आहे. ज्याने जूनमध्ये पश्चिमेकडे पाहत बसलेली गावे पाहिली आहेत, विहिरींचे तळ पाहिले आहेत, छावणीला लागलेली जनावरे पाहिली आहेत, त्यालाच हे सुचेल. आमच्याकडे ढग गडगडला की म्हातारी माणसे हात जोडतात. तो नमस्कार समुद्र ओलांडून एका इंग्रज पोराच्या गाण्यात गेला, आणि डाल्ट्रीच्या घशातून, जो स्वतः काही बाबांचा भक्त नव्हे, तो असा बाहेर पडला की शेवटच्या आरोळीला घसा फाटतो की काय असे वाटते. गाणाऱ्याचा विश्वास नसला तरी तहान खरी असली की पुरते, हे मी या गाण्यापाशी शिकलो.

माझे मामा पारनेर तालुक्यातल्या एका गावात भजनी मंडळात पखवाज वाजवतात. गेल्या आषाढात पाऊस लांबला होता. ओट्यावर बसलो असताना मी मोबाइलवर हे गाणे त्यांना ऐकवले. मामांनी डोळे मिटून पुरते ऐकले. मग म्हणाले, “काय मागतोय हा?”

“पाऊस. आणि पावसातून प्रेम. देवाचं.”

“बायको-बियको नाही ना?”

“तीही गेलीय सोडून. सगळंच गेलंय.”

“मग विराणीच झाली ही.” ते थोडा वेळ गप्प बसले. “पडला का मग पाऊस?”

“पडतोय. पण त्याचं पुढं काय झालं ते गोष्टीत सांगितलेलं नाही.”

“कशाला सांगायला पाहिजे,” मामा म्हणाले आणि मांडी बदलून सरसावून बसले. “परत लाव बरं. आता त्या वाजवणाऱ्याकडं ध्यान देतो. लई जोरात हाणतोय, पण समेवर येतोय गडी.”